एका नंबराच्या सहा होड्या

ऑगस्ट लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आमच्या लाइनवर आता सगळ्यांना ठाऊक झालंय. सुपरवायझरसुद्धा त्या दिवसांत माझ्याशी जपून बोलतो. चिखलीत तेव्हा रस्त्यांचा नुसता राडा झालेला असतो, वर्कशॉपच्या दारांतून तेलकट पाणी वाहत असतं, आमच्या चाकणच्या कंपनीची बस मोशीच्या पुढं गोगलगायीसारखी सरकत असते आणि बसमधल्या बाया गणपतीच्या रजेचं गणित मांडत असतात. मी मात्र खिडकीशी बसून मोबाइलमध्ये समुद्र बघत असते. दापोलीच्या खालच्या अंगाला आमचं गाव. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ऑगस्टच्या तोंडाला उठते आणि होड्या पाण्यात पडतात. लहानपणी या दिवसाची काय वाट बघायचो आम्ही. आता तो आला की मला राग येतो. साधासुधा नाही, कानशिलं तापतील असा.

तरी नाकात त्या दिवसाचा जुना वास अजून आहे. होडीला नवा रंग दिलेला असायचा, जाळी ऊन दाखवून आणलेली असायची, पण तिच्यात मागच्या हंगामाचा मासा मुरलेला असायचाच. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी, उभी राहायची आणि आम्ही पोरं चिखलात पाय रुतवून कुणाची होडी जास्त चकाकते यावर भांडायचो. आमच्या भावकीच्या सहा होड्या. पहिल्या दिवशी त्या सहाही एकदम निघतात. एकीनंही पुढं जायचं नाही, एकीलाही मागं ठेवायचं नाही. कुणा आजोबा-पणजोबांच्या वेळी पहिल्या मासळीवरून डोकी फुटली होती म्हणे, तेव्हापासूनची ही रीत. म्हणून मग ज्याची जाळी फाटलेली त्याला बाकीचे विणून देतात. ज्याचा खलाशी आजारी त्याला आपला देतात. दोर, डिझेलचा कॅन, इंजिनाचा एखादा भाग, ज्याला जे कमी असेल ते दुसऱ्याच्या होडीतून उचलायचं. त्यात विचारायचीसुद्धा पद्धत नाही.

गेल्या वर्षी बंदीच्या दिवसांत या सहाही होड्यांवर नवे प्लॉटर बसले. प्लॉटर म्हणजे एक स्क्रीन. तिच्यावर समुद्राचा नकाशा, मधोमध आपली होडी आणि आजूबाजूच्या होड्या नि जहाजं छोट्या त्रिकोणांसारखी दिसतात. प्रत्येक होडीवरचं यंत्र आपला नंबर, आपली जागा आणि आपला वेग सारखं सांगत असतं, दुसऱ्या होडीवरचं यंत्र ते ऐकतं. कुणी आपल्या वाटेत येतंय असं त्याला वाटलं की भोंगा वाजतो. कल्पना सोन्यासारखी आहे, मी नाही कशाला म्हणू. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, त्याच्या होडीचा तांडेल आहे. होडी कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर चालतं. यंत्र बसलं तेव्हा वहिनी फोनवर म्हणाली होती की आता मी निदान दोन घास सुखानं खाईन.

आता त्या भोंग्याची गंमत ऐका. यंत्र आलं तेव्हाच त्यात ठरवून ठेवलेलं होतं की मैलाच्या आत कुणी आलं की वाजायचं. हा मैल कुणी ठरवला देव जाणे. आमच्या बंदराच्या तोंडाशी गावोगावच्या, असलीच यंत्रं लावलेल्या होड्यांची एवढी दाटी असते की या होडीतून त्या होडीत चहाचा कप देता येतो. तिथं तो भोंगा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही. खरं म्हणजे दोन आकडे बदलायचे असतात: समोरचा आपल्या किती जवळून जाणार आणि किती मिनिटांनी. ते आपल्या पाण्याप्रमाणं बसवले की यंत्र शहाण्यासारखं वागतं. मला हे कधी कळलं, तर सगळं होऊन गेल्यावर, इंग्रजी पुस्तिका डोळ्यांसमोर धरून एकेक ओळ वाचली तेव्हा. यंत्र बसवायला जो सेटवाला आला होता, त्यानं दादाला एवढंच दाखवलं की हे बटण दाबलं की आवाज बंद. मग माणूस काय करणार? बंदरातून निघताना दादा ते बटण दाबायचा, बाहेर मोकळ्या पाण्यात आला की पुन्हा चालू करायचा. आणि दाबताना त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, तोही साऱ्या बंदराला ऐकू जाईल असा. दादाचा आवाज मुळातच पहाडी.

आमच्या शॉपमध्ये फोर्कलिफ्ट मागं येताना वाजते, प्रेस उघडताना वाजते, हवेचा दाब कमी झाला की आणखी तिसरं काहीतरी वाजतं. दिवसभर सगळं एवढं वाजतं की फोर्कलिफ्ट पाठीला टेकेपर्यंत कुणी वळून बघत नाही. सारखं ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, हे कुठल्याही घरातल्या आईला विचारा. पण यंत्र बनवणारे शिकलेले लोक, त्यांना हे सुचू नये? की सुचतं आणि ते म्हणतात, वाजवलं की आपली जबाबदारी संपली?

हंगाम लागून थोडेच दिवस झाले होते. सकाळची वेळ, सगळ्या होड्या बाहेर. पावसाची सर अशी आली की दादाला स्वतःच्या होडीची नाळ दिसेना. त्यानं वेग कमी केला आणि स्क्रीनवर नजर ठेवली. स्क्रीनवर जवळपास कुणी नव्हतं. भोंगा चालू होता आणि गप्प होता. आणि त्या पांढऱ्या पावसातून एकाएकी राजनच्या होडीची कूस, म्हणजे आडवी बाजू, समोर आली. राजन आमचा चुलतभाऊ, दादाच्या पाठीमागं लहानाचा मोठा झालेला. दादानं इंजिन उलटं फिरवलं, पण होडी म्हणजे काही सायकल नाही. नाळ कुशीत घुसली. राजनचा पाय फळी आणि मासळीच्या खोक्याच्या मधे सापडला आणि मांडीचं हाड मोडलं. दादानंच त्याला उचलून आपल्या होडीत घेतलं आणि त्याची फुटकी होडी दोरानं ओढत किनाऱ्याला आणली.

शिफ्टमध्ये आमचे मोबाइल लॉकरमध्ये असतात. जेवणाच्या सुट्टीत बघते तर वहिनीचे कॉलच कॉल. मी कॅन्टीनच्या मागं जाऊन बोलले. वहिनीनं धडकेचं सांगितलं, राजन वाचलाय हेही सांगितलं. मग वहिनी हळूच म्हणाली की बंदरावर सगळे म्हणतायत, यानं भोंगा बंद ठेवला होता.

झालं. एकदा गावानं ठरवलं की ठरलं. रोज निघताना दादा बटण दाबतो आणि शिव्या घालतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं. त्यामुळं कुणाला काही विचारायची गरजच वाटली नाही. दादानं सांगितलं की बाहेर पडल्यावर मी चालू केला होता. लोकांनी मान हलवली, ती मान हलवणं कसलं असतं ते मला माहीत आहे. दादाचे खलाशी एकेक करून दुसऱ्या होड्यांवर गेले. राजन दवाखान्यातून घरी आला, दादा भेटायला गेला, तर तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. सेटवाल्याला कुणीतरी फोन केला, त्यानं तिकडून निकाल दिला: यंत्रात काही दोष नाही, वापरणाऱ्यानं अलार्म बंद केला असणार. कुठल्याशा ग्रुपवर मेसेज फिरला की या लोकांना यंत्रं देऊन उपयोग काय, वापरायची अक्कल नको? पिढ्यान् पिढ्या पाण्यावर काढलेल्या माणसांची अक्कल काढणारा हा महाभाग पोहायला तरी शिकलाय का, असं मी विचारणार होते. नवऱ्यानं मोबाइल हातातून काढून घेतला. तांडेलाजवळ त्याचा शब्द सोडून दुसरं काय असतं? तो म्हणाला चल की खलाशी आपला जीव त्याच्या होडीत ठेवतात. दादाच्या त्या शब्दावर आता गावात कुणाचा विश्वास उरला नव्हता आणि दादा घरात बसून होता. कुणाशी भांडतही नव्हता, याचा मला जास्त संताप आला.

कुणी नाही तर आपण शोधू, म्हणून मी मोबाइलमध्ये जहाजं दिसणारं ते ॲप घेतलं. होडीचा नऊ आकडी नंबर टाकला की ती कुठं आहे आणि कुठून कुठं गेली ते त्यात दिसतं. त्या सकाळी दादाची होडी कुठून कशी गेली ते बघावं, एवढाच विचार होता. कॅन्टीनमध्ये ताट बाजूला सारून मी वहिनीकडून घेतलेला नंबर टाकला. ठिपका आला. दादाच्या होडीचं नाव, दादाच्या होडीचा नंबर. आणि ठिपका चालत होता, किनाऱ्यापासून चांगला लांब. बघता बघता त्यानं उडी मारली आणि दुसरीकडंच कुठंतरी चालायला लागला. मी दादाला फोन लावला. कुठं आहेस, विचारलं. तो म्हणाला, कुठं असणार, घरात, पेज खातोय. होडी? होडी वाळूवर, नाळ फुटलेली, बॅटरीसुद्धा काढून ठेवलीय.

मला समजायला वेळ लागला नाही, कारण मी दिवसभर तेच बघते. आमच्या लाइनवर ब्रेकचा एक बुश बनतो, अंगठ्याएवढा. त्या प्रत्येक बुशवर लेझरनं स्वतंत्र नंबर उमटतो आणि स्कॅनरखालून जाताना तपासला जातो. एका नंबरचे दोन पीस आले की लाल दिवा लागतो, अख्खी लाइन थांबते आणि दोन्ही पीस बाजूला काढून शोध लागेपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीत. माझ्या शेजारी कांचनताई असते, चिखलीच्या जुन्या गाववाल्यांपैकी, घरची शेती प्लॉटिंगमध्ये गेलेली. तिला मी मोबाइल दाखवला. ती म्हणाली, "आगं, लोखंडाच्या तुकड्याला आमी येवढं जपतो, आन माणसं बसल्यात त्या होड्यास्नी एकच नंबर? ह्ये कुणाला दिसलं न्हाई व्हय?"

नाही दिसलं. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट मला त्या पुस्तिकेत सापडली. आपलाच नंबर सांगणारी होडी यंत्र स्क्रीनवर काढतच नाही. ते समजतं, ही मीच आहे. स्वतःला धडकायची भीती कशाला, म्हणून भोंगाही वाजत नाही. दादाच्या यंत्राला राजनची होडी दिसली नाही आणि राजनच्या यंत्राला दादाची. भोंगा चालू असता काय, बंद असता काय, तो वाजणारच नव्हता.

हा नंबर सहा होड्यांत गेला कसा, ते मी फोनवरून एकेकाला विचारून काढलं. नंबर सरकारी ऑफिसातून मिळतो, प्रत्येक होडीला वेगळा. सहाही जणांनी अर्ज केले होते, त्यांतल्या फक्त दादाचा नंबर आला होता. हंगाम तोंडावर, आणि सहाही होड्या तर एकदम निघायच्या. सेटवाला एका दुपारी येऊन सगळं उरकून जाणार होता, नंबर नाही म्हणून पुन्हा खेप घालायची त्याची तयारी नव्हती. तो म्हणाला, तात्पुरता हाच टाकू का सगळ्यांत? आणि दादा म्हणाला, टाका की, घरचीच माणसं आहेत. आमच्याकडं दोर देतात, डिझेल देतात, खलाशी देतात, तसा त्यानं नंबर दिला. सेटवाल्याच्या तोंडून एक वाक्य निघालं नाही की दादा, ही उसनी द्यायची वस्तू नाही, यानं तुम्ही एकमेकांना दिसेनासे व्हाल. त्याला माहीत नव्हतं असं मी धरून चालणार नाही. तो त्याचा धंदा आहे. त्यानं लॅपटॉप मिटला, आमच्याच घरी बांगड्याचं कालवण जेवला आणि गेला.

मी दादाला फोन केला तेव्हा माझा आवाज आनंदानं चढला होता. म्हटलं, दादा, तुझी चूक नाही, भोंगा वाजणं शक्यच नव्हतं, मी सिद्ध करून दाखवते.  मग तो म्हणाला, "म्हंजे माज्याच नंबरामुलं राजन दिसला नाय, बाय."  मी त्याला सोडवायला गेले आणि दुसरीकडं बांधून बसले.

गणपतीच्या रजेत मी गावी गेले ते ठरवूनच. सेटवाल्याला फोनवर एवढं बोलले की तो यायला तयार झाला, बहुतेक मी त्याच्या वरच्यांना गाठेन या भीतीनं. दादाची आणि राजनची होडी वाळूवर शेजारी शेजारी ओढून ठेवली होती. दोन्हींवर बॅटऱ्या जोडल्या, दोन्ही सेट लावले. सगळी भावकी जमली, गेलेले खलाशी आले, राजनला प्लास्टर घातलेल्या पायासकट खुर्चीत बसवून आणलं. दादाच्या स्क्रीनवर क्षितिजाशी चाललेलं एक मोठं जहाज दिसत होतं, त्याचं नाव, त्याचा वेग, सगळं. लांबच्या गावाच्या दोन होड्या दिसत होत्या. आणि हात लांब केला तर जिच्या फळीला लागेल ती राजनची होडी तिथं नव्हती. राजनच्या स्क्रीनवर दादाची नव्हती. म्हातारे काका एकदा स्क्रीनकडं आणि एकदा होडीकडं बघत राहिले. आमची एक चुलती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

सेटवाला म्हणाला की हा टेक्निकल इशू आहे, होतं असं कधीकधी. मी म्हटलं, होत नाही, तुम्ही केलंत. तेव्हा त्यानं गळ्यातली बॅग सावरली आणि शांतपणे सांगितलं की मॅडम, मी विचारून टाकला होता, तुमच्या भावानंच हो म्हटलं होतं. सगळ्यांच्या माना दादाकडं वळल्या. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याआधी दादा पुढं झाला, राजनच्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय. नंबर मीच दिला."

एवढ्या दिवसांत राजन त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.  आता तोच म्हणाला, "तू दिलास, दादा. पण घेतला तर मीच ना."

मग काका म्हणाले की पोरं थांबली नाहीत ती आमच्या रितीमुळं, आम्हीच थांबा म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं, आपण विचारायला हवं होतं. जो तो आपापला वाटा उचलून अंगावर घेत होता, एकेक जण पुढं येऊन. आणि ज्याचा खरा वाटा तो मोटारसायकलला किक मारत होता. मी मागं धावले. वहिनीनं माझा हात धरला आणि म्हणाली, गणपती बसलेत घरात. मी अजूनही कधीकधी त्या वहिनीवर चिडते. आमच्या माणसांची ही चांगुलपणाची खोड मला सोसवत नाही. चूक कबूल करायला आम्ही रांग लावून उभे, आणि समोरच्याला त्या रांगेत कुणी बोलवायचंही नाही.

त्या हंगामात दादानं होडी बाहेर काढली नाही. खलाशी परत आले, माफीसारखं काहीतरी पुटपुटले, पण राजन उभा राहीपर्यंत मी होडी पाण्यात घालणार नाही, असं दादा म्हणाला. कोलंबीचे दिवस गेले, पापलेटचे गेले. मी इथं लाइनवर उभी राहून बुश मोजत राहिले आणि सुट्टीत ॲपवर दुसऱ्यांच्या होड्या बघत राहिले. बाकीच्या पाचही जणांनी नंबरांसाठी नव्यानं पाठपुरावा केला. ऑफिसात गेलं की हे आणा, ते आणा, साहेब दौऱ्यावर, पुढच्या आठवड्यात या. नंबर देणं म्हणजे जणू त्यांच्या घरची इस्टेट वाटून देणं. एकेक करून चार आले. राजनचा राहिला. त्याच्या होडीची कूस नव्यानं बांधली म्हणून होडीची पुन्हा तपासणी हवी, आणि तपासणाऱ्याला यायला सवड नाही.

यंदा बंदी उठली. राजनला काठीशिवाय चालता येतं, पण हलत्या होडीत पाय धरत नाही, म्हणून त्याची होडी त्याचा मेव्हणा नेणार आहे. बंदी उठली त्या दिवशी मी बसमध्येच ॲप उघडलं. शेजारच्या गावांचे ठिपके भराभर बाहेर निघाले होते. आमचे पाच ठिपके, पाच वेगवेगळ्या नावांचे, पाच वेगवेगळ्या नंबरांचे, किनाऱ्याला जागच्या जागी. हल्ली आमची माणसं सकाळी सेट लावून आधी एकमेकांना स्क्रीनवर शोधतात, म्हणून ते ठिपके मला दिसतात तरी. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशीही. हंगामातले हेच दिवस भराचे, पहिली कोलंबी पुन्हा मिळत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी दादाला फोन लावला आणि खूप बोलले. तुमचे नंबर आलेत, कागद आलेत, भोंगे नीट बसवलेत, मग वाळूवर काय करताय? त्या ऑफिसवाल्यांच्या आळसापायी तुम्ही का उपाशी राहायचं? गेल्या वर्षी एक हंगाम गेला, अजून किती घालवणार आहेस?

दादानं सगळं ऐकून घेतलं. मागं लाटांचा आवाज येत होता आणि कुणीतरी हातोडीनं काहीतरी ठोकत होतं. दादाचा तो पहाडी आवाज अगदी खाली आला होता.

"राजनचा नंबर यायचाय," तो म्हणाला. "आला की जाऊ."